मदत हवी आहे: मिंग फुलदाणी पाझरतेय, काय लावू?

गोंधळलेली_मैना: आजीच्या वस्तूंतली निळी-पांढरी फुलदाणी. मिंग काळातली आहे असं घरात सगळे म्हणतात. पाणी भरून ठेवली की सकाळी टेबलावर ओलं कडं. तडा कुठेच नाही. लवकर सांगा, पाहुणे यायचेत.

फिरतं_चाक: उंची? बुडाचा फोटो? मिंग म्हणजे चीनचं राजघराणं, १३६८ ते १६४४, पावणेतीनशे वर्षांचा काळ आहे तो!

जुना_जाणता: बुडावर शिक्का असला तरी हुरळू नका. चेंगह्वा बादशहाचा (१४६५ ते १४८७) शिक्का दोनशे वर्षांनी कांगशी बादशहाच्या काळातही सर्रास मारत. दरवेळी फसवायलाच असं नाही, जुन्या कामाचा मान म्हणूनही.

सोनेरी_सांधा: किन्त्सुगी करा! उरुशी लाखेने सांधायचं, वर सोन्याची पूड. माझा वाडगा आता आधीपेक्षा देखणा दिसतो.

फिरतं_चाक: अहो, फुटलेली नाहीये ती. पाझरतेय.

काळी_माती: ग्रीकांचं बघा, काळा रंगसुद्धा मातीच्या लेपाचाच. भट्टीत मध्येच हवा कोंडायची, की सगळं काळं. पुन्हा हवा सोडली की उघडी माती लाल होते, लेप दिलेला भाग काळाच राहतो. अवांतर: फ्लॉरेन्सच्या संग्रहालयातली ग्रीक फ्रांस्वा फुलदाणी १९०० मध्ये तिथल्याच पहारेकऱ्याने स्टूल फेकून फोडली. ६३८ तुकडे! तरी जोडली.

जुना_जाणता: फुलदाणी कसली, वाइनमध्ये पाणी कालवायचं भांडं ते.

काळी_माती: नाव तेच पडलंय, मी काय करू?

गोंधळलेली_मैना: मला ग्रीक नकोय!! फोटो चढवलेत. काठाचा एक टवका उडालाय, ते सांगायचं राहिलं.

फिरतं_चाक: हेच आधी सांगायचं ना! टवक्यात आत पिवळट, भुसभुशीत माती दिसतेय आणि वर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर. मिंग फुलदाणी पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीची असते आणि पोर्सिलेन आतपर्यंत पांढरं असतं. १३०० अंशांच्या आसपास भाजल्याने काचेसारखं घट्ट होतं, पाणी पीत नाही. तुमची साधी माती आहे, वर कथलाची झिलई, म्हणजे तोच पांढरा, काचेसारखा थर. झिलईला केसाएवढी चीर असली तरी आतली माती पाणी पिते. मिंग सत्ता पडल्यावर चीनचा माल अडला, तेव्हा नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कुंभारांनी अशीच नक्कल करून बाजार धरला.

जुना_जाणता: असहमत. एवढ्यावरून डेल्फ्ट म्हणता येत नाही. चिनी भांड्यांसारखं पांढरं दिसावं म्हणून ही झिलई इराकमध्ये नवव्या शतकातच वापरत होते. आणि आजही अशी भांडी बनतात. बुडावरची ती ‘अक्षरं’ चिनी नाहीतच, नुसत्या रेघोट्या आहेत.

गोंधळलेली_मैना: म्हणजे मिंग नाही? आईला कोण सांगणार आता! बरं, गळतीचं काय?

फिरतं_चाक: काहीही लावू नका. आत काचेचा ग्लास ठेवा आणि पाणी त्यात घाला.

गोंधळलेली_मैना: तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. ग्लास कुठून घालू?

सोनेरी_सांधा: प्रयोगशाळेतली परीक्षानळी बसेल. पण टवक्याला किन्त्सुगी होते हं, बघा.