अनुभव धागा: कंबर, गुडघे, खांदे... घरच्या उपायांनी काय थांबलं, काय नाही?

लावणी उरकली आणि आमच्या वाडीतल्या निम्म्या बायका एक हात कंबरेवर ठेवून चालतायत, त्यात मीही. म्हणून धागा काढला. नुसतं 'हे लावा ते लावा' नको. दुखणं कसलं होतं, किती दिवसांचं, काय केलं, आणि उपयोग झाला नाही तर तेही लिहा. माझं मी सांगते, निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून त्या पाण्यात पंचा पिळून कंबर शेकते, रात्री दहा-पंधरा मिनिटं. आखडलेलं सुटतं, झोप लागते. सकाळी परत शेतात वाकलं की परत तेच, हेही खरं.
– गुहागरवाली

गुडघे, वय ६८. उंडीचं कडू तेल कोमट करून चोळतो. आमचे वडील हेच तेल होडीच्या लाकडालाही लावायचे, तेव्हा माझे गुडघे आणि होडी एकाच औषधावर! वास असा की नातवंडं जवळ येत नाहीत. पोटात मात्र चुकूनही घेऊ नका हां. झीज काही भरून आली नाही, पण जिना उतरताना कळ कमी येते. की रोज अर्धा तास चोळणारी बायको हेच औषध आहे, देव जाणे.
– हर्णै बंदर

काका, तुमची शंका बरोबर आहे 😀 मी फिजिओथेरपी करते, रत्नागिरीत. कोपर आपटलं की आपण आपोआप चोळतो ना, त्यामागे शास्त्र आहे. मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ मध्ये मांडलं की पाठीच्या कण्यात जणू एक फाटक असतं, स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश तिथे पोचले की दुखण्याचे संदेश मेंदूकडे कमी जातात. पुढे या थिअरीत बरीच भर पडली, पण मूळ गोष्ट टिकून आहे. शेकाने स्नायू सैल पडतात ते वेगळंच. ताज्या मुरगळीवर, सूज असताना, पहिले दोन दिवस गरम शेक नको, थंड पट्टी ठेवा. आणि तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा वेगळाच प्रकार, तिथे नुसता लेप पुरत नाही, व्यायाम, झोप, मनावरचा ताण सगळं बघावं लागतं.
– रत्नांगी

राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर दोन हिवाळे गेले, संगमेश्वरजवळ. अंग हलकं होतं, दोन दिवस मस्त. बीपीवाल्यांनी जास्त वेळ बसू नये, मला एकदा चक्कर आली होती.
– देवरुख

मला जे सांगायचंय ते जरा वेगळं आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात भावाच्या पोटऱ्या ठणकायला लागल्या, ताप होता, डोळे लाल. आम्ही म्हटलं चिखलात उभं राहून राहून झालंय, आईने एरंडाची पानं गरम करून बांधली, मी तेल लावलं, असे तीन दिवस घालवले. चौथ्या दिवशी लघवी कमी झाली तेव्हा पळालो. लेप्टो निघाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, जंतूंमुळे येणारा ताप. शेतातल्या पाण्यात उंदरांचं मूत असतं, त्यातले जंतू पायाला चीर असली की शिरतात. वाचला, पण डॉक्टर बोलले अजून उशीर केला असता तर किडनी गेली असती. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या एकत्र दुखल्या तर पानंबिनं बांधत बसू नका, प्लीज.
– कुडाळकर

बाप रे. माझी सासू एका वैदूकडची पुडी घ्यायची, सांधे दोन दिवसांत मोकळे! आम्ही खूश. चार महिन्यांनी तोंड सुजलं, साखर वाढली, आणि डॉक्टरांना संशय आला की पुडीत स्टेरॉइड मिसळलंय. ते एकदम बंदही करता येत नाही म्हणे, हळूहळू सोडवलं. आता सुंठ-आंबेहळदीचा लेप लावते, तो सावकाश काम करतो म्हणून तिचा त्याच्यावर विश्वासच नाही.
– चिपळूणची सून

माझ्या आवशीक डावो खांदो दुखा होतो, वात म्हणून चोळीत बसली. घाम इलो तेव्हा न्हेली, तर हार्ट. आता बरी आसा.
– मालवणी माणूस

कुडाळकर दादा, तुमचं वाचून मी उद्या आमच्या गड्याला दाखवायला नेते, त्यालाही कालपासून ताप आहे आणि पाय धरून बसलाय. मी निर्गुडी उकळायलाच घेतली होती.
– गुहागरवाली

उद्या नको ताई, आत्ताच न्या.
– कुडाळकर