सिलिॲकचा संशय आहे, पण गहू आधीच सोडलाय. आता बायोप्सीचं काय?

अर्धविराम

नमस्कार. थोडक्यात मांडते. सिलिॲकचा, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला इजा होते त्या आजाराचा, संशय आहे. पोट फुगणं, अधूनमधून जुलाब, सततचा थकवा. हिमोग्लोबिन ९.८, फेरिटिन (लोहाचा साठा) ६, लोहाच्या गोळ्यांनी दोन्ही हलत नाहीत. सिलिॲकच्या रक्तचाचणीत टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडी २४ आली, लॅबची मर्यादा १०. एकूण आयजीए (त्या वर्गाच्या सगळ्या अँटिबॉडी मिळून) कुणी सांगितलं नाही, केलेलं नाही. एंडोस्कोपी (तोंडातून नळी घालून पाहणं) आणि बायोप्सीची (अस्तराचे छोटे तुकडे तपासणं) तारीख पुढच्या महिन्यातली आहे. रिपोर्ट हातात आल्यापासून गहू बंद केला आणि पोट खरंच शांत झालं.

गहू सोडून बरं वाटतंय म्हणजे निदान झालंच ना? मग नळी कशाला घालून घ्यायची? आणि परत गहू खायचाच असेल तर किती, किती दिवस? घरात बाकी सगळे गहू खाणारे आहेत, त्यामुळे स्वयंपाकघराचं काय करायचं तेही कळत नाही. "एवढ्याशानं काय होतंय" या वाक्याला उत्तर असेल तर तेही द्या.

सुईदोरा

बरं वाटणं म्हणजे निदान नव्हे. सिलिॲक नसलेल्या कितीतरी लोकांना गहू सोडल्यावर बरं वाटतं, कारण गव्हात ग्लूटेनशिवाय फ्रुक्टान नावाची आंबणारी साखरही असते आणि संवेदनशील आतड्यात तीच गॅस करते. तिच्यासाठी जन्मभर काटेकोर पथ्याची गरज नसते. सिलिॲकसाठी असते, आणि त्यात हाडं, लोह, थायरॉइड, जवळच्या नातेवाइकांच्या तपासण्या असं सगळं मागोमाग येतं. म्हणून उत्तर पक्कं हवं.

२४ म्हणजे मर्यादेच्या अडीचपटही नाही. लहान मुलांत टीटीजी दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटिबॉडी पॉझिटिव्ह आलं, तर बायोप्सीशिवाय निदान मान्य करतात. काही ठिकाणी मोठ्यांनाही ही सवलत मिळते. तुमच्या आकड्याला मिळणार नाही. इतकं किंचित वाढलेलं टीटीजी यकृताच्या आजारात किंवा दुसऱ्या ऑटोइम्यून (शरीर स्वतःवरच उलटतं अशा) त्रासातही दिसू शकतं.

आता गहू. पथ्य सुरू झालं की अँटिबॉडी उतरू लागतात आणि अस्तर भरून यायला लागतं. पूर्ण भरायला महिने, मोठ्या माणसांत कधी वर्षं लागतात. त्यामुळे थोड्याच आठवड्यांच्या पथ्यानं सगळा पुरावा पुसला जात नाही, पण पुसट नक्की होतो आणि मग "ना धड हो, ना धड नाही" असा रिपोर्ट हातात पडतो. तो सगळ्यात वाईट. डॉक्टरांना फोन करून पथ्य सुरू केल्याचं सांगा आणि आजच पुन्हा गहू सुरू करायचा का ते विचारा. साधारण प्रमाण असं: रोज निदान ३ ग्रॅम ग्लूटेन, किमान २ आठवडे, सोसवलं तर ८ आठवड्यांपर्यंत. काही डॉक्टर थेट ६ आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त जेवणांत गहू असं सांगतात. ३ ग्रॅम म्हणजे ब्रेडचे दीड-दोन स्लाइस किंवा ३०-४० ग्रॅम गव्हाचं पीठ. तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत खायचं, मध्ये खंड नको. खूप उलट्या, सारखे जुलाब, चक्कर असं झालं तर मात्र रेटून नेऊ नका, कळवा.

त्याच वेळी एकूण आयजीए करून घ्या. ते मुळातच कमी असेल तर टीटीजी-आयजीएचा आकडा फसवा ठरतो. सिलिॲक असलेल्यांत २ ते ३ टक्के लोकांना ही कमतरता असते. त्यांच्यासाठी आयजीजी (अँटिबॉडींचा दुसरा वर्ग) प्रकारच्या चाचण्या आहेत: डीजीपी-आयजीजी किंवा टीटीजी-आयजीजी. बाजारात "शंभर पदार्थांची इन्टॉलरन्स तपासणी" मिळते, तीही आयजीजीवरच चालते, पण तिचा सिलिॲकशी काही संबंध नाही. पैसे वाचवा.

दुसरी_चाळणी

बायोप्सीबद्दल एक भर, कारण चूक बरेचदा इथे होते. नुकसान सलग नसतं, ठिपक्याठिपक्यांनी असतं. एक-दोन तुकडे घेऊन "नॉर्मल" म्हणणं म्हणजे कोपरा पाहून घर रिकामं आहे असं सांगणं. लहान आतड्याच्या दुसऱ्या भागातून किमान ४ आणि अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून, म्हणजे बल्बमधून, १-२ तुकडे हवेत. आधीच विनंती करा: "सिलिॲकसाठी आहे, बल्बसकट घ्या." डोळ्यांना अस्तर ठीक दिसलं तरी तुकडे घ्यायचेच.

रिपोर्टमध्ये मार्शची श्रेणी, म्हणजे अस्तराचं नुकसान किती ते, बघा. मार्श ३ म्हणजे व्हिलाय, अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे, झिजलेले. मार्श १ म्हणजे फक्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, आणि ते जठरातल्या एच. पायलोरी जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळेही होतं. उलट बाजूनं, व्हिलाय झिजण्याची इतर कारणंही आहेत: जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि रक्तदाबाचं औषध ओल्मेसार्टन ही त्यातली दोन. चालू औषधांची यादी घेऊन जा.

काठावरचा

गहू अजिबातच सोसवत नसेल तर एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ विचारा. रक्ताची किंवा लाळेची जनुकीय चाचणी, पथ्यावर असलात तरी चालते. दोन्ही नसतील तर सिलिॲक जवळजवळ बादच. असतील तर मात्र काही सिद्ध होत नाही, कारण धडधाकट लोकांतही ३० ते ४० टक्क्यांत ही जनुकं सापडतात.

सुईदोरा

बरोबर, पण यांचं टीटीजी वाढलेलं आहे आणि तारीख जवळ आहे. आधी बायोप्सी. रिपोर्ट अर्धवट आला तर एचएलए कामी येईल.

कोरडा_ओटा

स्वयंपाकघराचं मी घेतो. वेगळं स्वयंपाकघर लागत नाही. वेगळ्या वस्तू लागतात, त्याही मोजक्याच.

आधी मोजमाप, म्हणजे घरच्यांना उत्तरही यातच मिळेल. बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन चालून जातं. रोज ५० मिलिग्रॅम असं ३ महिने गेलं तर अस्तराला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २००० मिलिग्रॅम असतं. म्हणजे १० मिलिग्रॅम म्हणजे स्लाइसचा दोनशेवा भाग, किंवा चिमूटभराहूनही कमी पीठ. "एवढंसं" म्हणजे नेमकं किती, हे आता त्यांनाच सांगू द्या.

वेगळं ठेवायचं ते असं: टोस्टर, पिठाची चाळणी, पास्ता निथळायचं भांडं, लाकडी चमचे आणि लाकडी बोर्ड, भांडी घासायचा स्पंज. कारण एकच, भेगा आणि जाळी. तिथलं पीठ धुऊन निघत नाही. स्टील आणि काच साबणानं नीट घासली की सामायिक चालतात. लोणी आणि जॅमच्या बरण्या वेगळ्या करा, कारण ब्रेडला लावलेला चमचा परत आत जातो आणि कण तिथेच राहतात.

तळण्याचं तेल. गव्हाचं काही तळलेल्या तेलात तुमचं तळायचं नाही. उष्णतेनं जंतू मरतात, ग्लूटेन मरत नाही.

सुटं पीठ हवेत उडतं आणि बराच वेळ खाली बसत राहतं. म्हणून क्रम पाळा: तुमचं आधी शिजवून झाकून ठेवा, मग घरातलं गव्हाचं पीठ बाहेर काढा. कपाटात तुमचं वरच्या फळीवर, गव्हाचं खाली, म्हणजे सांडलं तरी तुमच्यावर नाही. तांदूळ, मका, ज्वारी ग्लूटेनमुक्तच, पण गहू दळलेल्या गिरणीतून आलेलं त्यांचं पीठ ग्लूटेनमुक्त राहत नाही. पथ्य पाळूनही टीटीजीचा आकडा न उतरण्यामागे हे कारण बऱ्याचदा निघतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

लेबल: गहू, जव, राय, मैदा, रवा, स्पेल्ट, ट्रिटिकेल (शेवटची दोन गव्हाचीच भावंडं). माल्ट म्हणजे जव. सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. "व्हीट फ्री" म्हणजे ग्लूटेन फ्री नव्हे, त्यात जव असू शकतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ग्लूटेन फ्री म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही.

हे सगळं बायोप्सीनंतर! आत्ता वाचून ठेवा, लगेच टोस्टर आणायला धावू नका.

अर्धविराम

फोन केला. गहू परत सुरू, एकूण आयजीए उद्या. दोन शंका राहिल्या. ओट्स चालतात का? आणि दूध प्यायलं तरी पोट फुगतं, तेही ग्लूटेनमुळेच का?

सुईदोरा

दुधाचं बहुधा लॅक्टेज कमी पडल्यामुळे. दुधातली साखर, लॅक्टोज, पचवणारं हे एन्झाइम व्हिलायच्या टोकांवर तयार होतं. टोकं झिजली की दूध पचत नाही, अस्तर भरलं की बऱ्याच जणांना परत पचतं. काही महिने लॅक्टोजमुक्त दूध घ्या, कायमचं सोडायची घाई नको. कॅल्शियम बुडवू नका, हाडांची घनता तपासायची का तेही विचारा.

ओट्स: शेतापासून पॅकिंगपर्यंत त्यात गहू-जव मिसळतो, म्हणून ग्लूटेन फ्री लिहिलेलेच. निदान पक्कं झालं तरी सुरुवातीला टाळा, टीटीजी उतरून पोट स्थिर झालं की दिवसाला ५० ग्रॅमच्या आत सुरू करून बघा. थोड्या लोकांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत.

कोरडा_ओटा

निदान पक्कं झालं तर पहिल्याच भेटीत लोह, फॉलेट, बी१२, डी जीवनसत्त्व, झिंक आणि थायरॉइड तपासून घ्या. थायरॉक्सिन घेणाऱ्यांचा डोस अस्तर भरल्यावर कमी करावा लागू शकतो. टीटीजी ६ आणि १२ महिन्यांनी. ग्लूटेन पचवणाऱ्या गोळ्या मिळतात, त्यांच्या भरवशावर गहू खाऊ नका.

दुसरी_चाळणी

आणि तुमचं नक्की झालं तर आईवडील, भावंडं, मुलं यांचीही टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए करायची. लक्षणं नसली तरी. जवळच्या नात्यात साधारण दहांत एकाला सापडतं. "काय होतंय" म्हणणाऱ्यांचाच रिपोर्ट आला की बोलणं सोपं जातं. त्यांनीही रक्त देईपर्यंत गहू सोडायचा नाही.