‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ला मराठीत काय म्हणावं?

एका आरोग्यपुरवणीचा मजकूर तपासतेय. त्यात वाक्य आहे: ‘लठ्ठपणात प्राणवायूचा तणाव वाढतो आणि रक्तवाहिन्या गंजतात.’ वाचणारे म्हणतील, आम्हाला कसला तणाव, आम्ही तर रिटायर झालोय! काय सुचवाल?

*

‘प्राणवायूचा तणाव’ आधी काढा. त्यातून रक्तातला ऑक्सिजनचा दाब असा अर्थ निघतो, ती गोष्टच वेगळी. मूळ संज्ञा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये मांडली. पेशीत ऑक्सिजनपासून तयार होणारे आक्रमक रेणू एकीकडे, त्यांना आवरणारी यंत्रणा दुसरीकडे; पहिलं पारडं जड झालं की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. शाळेच्या पुस्तकात ‘ऑक्सिडीकरण’ आहेच, तेव्हा ‘ऑक्सिडीकरणाचा ताण’ म्हणा. तणाव घरात असतो, नाहीतर दंगलीनंतर गावात. ताण दोरीला, स्नायूलाही पडतो.

*

आमच्या विदर्भात संत्र्याच्या बागेलाही ताण देतात की! पण तो मुद्दाम, बहार धरायला. पाणी सोडलं की मिटला. तरी ‘ताण’ला माझं अनुमोदन.

*

ताई, माझा आक्षेप ‘गंजतात’ला आहे. वाचून वाटतं, आत काहीतरी साचलं आणि नळी बुजली. इथली गोष्ट त्याच्या बरीच आधीची.

रक्तवाहिनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. प्रवाह वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, भोवतालचा स्नायू सैलावतो, वाहिनी रुंदावते. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर दाखवलं: अस्तर शाबूत असेल तर ॲसिटिलकोलिन या रसायनाने पट्टी सैल पडते, घासलं गेलं असेल तर नाही. १९९८च्या वैद्यकातल्या नोबेलपर्यंतची वाट तिथून गेली.

आता लठ्ठपणात, त्यातही पोटात चरबी असली की, एनएडीपीएच ऑक्सिडेझ हे विकर (एन्झाइम) सुपरऑक्साइड, म्हणजे वर म्हटलेल्या आक्रमक रेणूंपैकीच एक, जास्त बनवतं. ते नायट्रिक ऑक्साइडला स्नायूपर्यंत पोचण्याआधीच गाठतं आणि दोघांचं पेरॉक्सिनायट्राइट हे तिसरंच संयुग होतं. एवढ्यावर भागत नाही. नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला जो मदतनीस रेणू लागतो, तोच पेरॉक्सिनायट्राइटमुळे निकामी होतो, आणि मग ते विकर स्वतःच सुपरऑक्साइड ओतायला लागतं. कुंपणच शेत खातं.

शिवाय गंज चढला तो चढला. अस्तराचं काम मात्र नियमित व्यायामाने, वजन उतरल्यावर सुधारू शकतं, आणि ते मोजताही येतं: हाताला पट्टा बांधून पाच मिनिटं फुगवून ठेवतात, सोडल्यावर दंडातली रोहिणी किती रुंदावते ते सोनोग्राफीत बघतात. म्हणून ‘रक्तवाहिन्या हव्या तेव्हा सैलावत नाहीत’ असं सरळ लिहा.

*

पुढे ‘अँटिऑक्सिडंट गोळ्या घ्या’ असं वाक्य असेलच, तेही उडवा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत ई जीवनसत्त्वाने हृदयविकार कमी झाले नाहीत.

*

होतं खरं! उडवलं. आणि ‘मेटाबॉलिक सिंड्रोम’चं काय?

*

‘चयापचयाचा लक्षणसमूह’ बोजड आहे, पण एकदा देऊन पुढे मेटाबॉलिक सिंड्रोमच वापरा. डॉक्टरही तेच बोलतात. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, या पाचांतली तीन बिघडली की झालं.

मला जास्त खटकतो तो ‘लठ्ठपणा’. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्याकडच्या सडपातळ माणसाला ‘लठ्ठपणात’ असं वाचून तो आपल्याबद्दल आहे असं वाटणारच नाही. ‘पोटाची चरबी वाढली की’ असं लिहा, आणि कंसात भारतीयांसाठीची मर्यादा द्या: पुरुष ९० सेंटिमीटर, बायका ८०. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध लावायची हेही लिहा. नाहीतर लोक पँटचा नंबर सांगतात, आणि ढेरीखाली पट्टा बांधणाऱ्यांचा तो कायम कमीच भरतो.