रमजानच्या महिन्यात ओमानच्या वाळवंटात सहलीला जावे का?

वाटसरू_नाशिक

आम्ही दोन कुटुंबे, लहानमोठे मिळून सात जण, फेब्रुवारी 2027 मध्ये ओमानला जाण्याचे ठरवत आहोत. मस्कत आणि निझवा पाहून शेवटच्या दोन रात्री शर्किया वाळवंटात, म्हणजे ज्याला पुष्कळ जण अजून वहिबा सँड्स म्हणतात तिथे, तंबूत काढायच्या असा बेत आहे. रमजान साधारण 8 फेब्रुवारीला लागेल हे कळल्यापासून आमच्यातले दोघे तारखा बदला म्हणून मागे लागले आहेत. मला ते पटत नाही.

इस्लामी पंचांगात आपल्यासारखा अधिक महिना नसल्यामुळे रमजान दर वर्षी दहाअकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. दहा-बारा वर्षांपूर्वी तो ऐन उन्हाळ्यात येत असे. त्या दिवसांत पारा 45 अंशांच्या आसपास असल्यामुळे वाळवंटात तसेही कोणी जात नसे, आणि ‘रमजान टाळा’ हा सल्ला देणे सोपे होते. आता तो थंडीच्या दिवसांत, म्हणजे तिथल्या पर्यटनाच्या खऱ्या हंगामात आला आहे. 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा, असा दोनदा लागेल. पुढची कित्येक वर्षे आपण सगळ्यांनीच तो महिना टाळला, तर वाळवंटातले तंबू आणि गाड्या ऐन हंगामात महिनाभर रिकाम्या राहतील आणि त्याची झळ तिथल्याच माणसांना बसेल. शिवाय एखाद्या देशाचा सर्वांत महत्त्वाचा महिना जवळून पाहण्यात गैर ते काय, हे मला कळत नाही. विरुद्ध मत असेल तर कारणांसह मांडावे.

रेवा

माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे, आणि ते अनुभवातून आले आहे. मार्च 2025 मध्ये आम्ही एका सहल कंपनीबरोबर याच वाळवंटात गेलो होतो आणि तो रमजानचाच महिना होता. वाळू सुरू होण्याआधी बिदिया गावाच्या बाजूला गाडी थांबवून चाकांतली हवा कमी करतात, कारण घट्ट चाक वाळूत रुतते. दुपारी दीडच्या सुमारास आमचा चालक एकेका चाकापाशी उकिडवा बसून हवा सोडत होता. ओठ सुकलेले, पहाटेपासून पाण्याचा घोट नाही, आणि आमच्या गाडीत चकल्यांचा डबा उघडून तो मागेपुढे फिरवला जात होता. त्याने एका शब्दाने नाराजी दाखवली नाही, आणि त्यामुळेच मला जास्त लाज वाटली.

त्याहून वाईट संध्याकाळ गेली. वाळवंटातल्या सहलीचा मुख्य कार्यक्रम म्हणजे टेकाडावरून सूर्यास्त पाहणे, आणि रोजा सोडण्याची वेळही नेमकी तीच. आमच्यातल्या काहींना आणखी फोटो हवे होते, म्हणून त्याला गाडी दुसऱ्या टेकाडावर न्यायला सांगितले गेले. सूर्य बुडाला तेव्हा तो चढणीवर गिअर बदलत होता, आणि एका हाताने खिशातला खजूर काढून त्याने तसाच तोंडात टाकला. दिवसभर ज्या क्षणाची वाट पाहायची तो क्षण आपल्या करमणुकीसाठी असा उरकायला लावणे मला मान्य नाही. त्यांच्या रोजगाराची काळजी असेल तर नोव्हेंबरात जावे. पैसे तितकेच मिळतील.

मस्कतकर

मी 19 वर्षे मस्कतमध्ये राहतो. आधी कायद्याबद्दल सांगतो, कारण त्याविषयी गोंधळ आहे. ओमानच्या 2018 सालच्या दंडसंहितेनुसार रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणेपिणे हा गुन्हा आहे, त्यासाठी दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, आणि ‘मी मुसलमान नाही, पर्यटक आहे’ हे उत्तर तिथे चालत नाही. पाण्याची बाटली तोंडाला लावणे किंवा सिगारेट ओढणेही त्यात आले. हॉटेलच्या खोलीत किंवा तंबूत खाण्याला कोणाची हरकत नसते, लहान मुलांकडेही कोणी वाकड्या नजरेने पाहत नाही. मात्र दिवसा बहुतेक उपाहारगृहे बंद असतात, त्यामुळे मस्कत ते बिदिया या सव्वादोनशे किलोमीटरच्या रस्त्यात जेवण मिळेल या भरवशावर निघू नये.

रेवाताईंनी सांगितलेला प्रकार वाईटच आहे, पण माझ्या मते तो महिन्याचा दोष नसून वेळापत्रक आखणाऱ्याचा आहे. त्या महिन्यात देशाचा दिवसच वेगळा चालतो. कामाचे तास कमी होतात, दुपार सुस्त जाते आणि रात्री बाजार जागे होतात. वाळूवरची रपेट पहाटे, सहेरीनंतर (म्हणजे रोजा सुरू होण्याआधीच्या जेवणानंतर) ठेवावी. तेव्हा हवा गार असते आणि चालकाच्या पोटात अन्न असते. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तंबूत परत यावे आणि बोलावले तर त्यांच्याबरोबर खाली बसावे. खजूर, लबन (आपले ताकच), समोसे आणि नंतर वेलची घातलेला कहवा, म्हणजे अरबी कॉफी, असते. कहव्याची छोटी प्याली रिकामी झाली की पुन्हा भरतात. पुरे झाले की ती हातात किंचित हलवायची, तोंडाने नको म्हणायची गरज पडत नाही. असा पाहुणचार नोव्हेंबरात भाडे भरूनही मिळत नाही.

रेवा

मस्कतकर, वेळ बदलण्याची सूचना चांगली आहे आणि त्याने मला दिसलेला निम्मा त्रास टळला असता. पण उरलेल्या निम्म्याचे काय? तो चालक आमच्याबरोबर तंबूत खाली बसून जेवला, तरी तो स्वतःच्या घरी नसतोच. आपल्याकडे दिवाळीच्या पहाटे कोणी परक्या पाहुण्यांना गाडीतून फिरवत असेल, तर त्याला पैसे मिळतात एवढ्यावर आपण समाधान मानू का? प्रवासात रोजा न धरता नंतर भरून काढण्याची सवलत त्यांच्या धर्मात आहे हे मला ठाऊक आहे, परंतु रोज त्याच वाटेवर गाडी चालवणारा माणूस ती घेत नाही. आणि पाहुणचाराचे म्हणाल, तर ज्याची मिळकत पाहुण्यावर अवलंबून आहे त्याने दिलेले आमंत्रण किती मोकळे असते, याचीही मला शंका आहे.

खाडीकाठचा

मी रत्नागिरीकडचा. बिदियाजवळच्या एका तंबूतळावर सहा वर्षे स्वयंपाकघर सांभाळले, आणि सहाही वर्षे रोजे धरून सांभाळले. त्यामुळे ज्यांच्याबद्दल हे बोलणे चालले आहे त्यांच्यापैकी एक म्हणून लिहितो.

रेवाताई, तुमची आस्था मनाला भिडली. पण पाहुणे नसले की आमच्यासारख्यांना ‘बिनपगारी रजा घ्या’ म्हणून सांगत. रजा घेऊन घरी यायचे तर विमानाचे भाडे खिशातून, आणि ईद तोंडावर आलेली. चालक तिथल्याच गावांतले असतात, त्यांना निदान घर जवळ असते. आमचे घर समुद्रापलीकडे होते. आम्ही आठदहा जण तंबूमागे एकाच मोठ्या थाळ्याभोवती बसून रोजा सोडत असू आणि पाहुणा त्यात येऊन बसला तर खरोखर आनंद होई. तो आनंद पैशांसाठी नव्हता, रोजेदाराला आणि पाहुण्याला खाऊ घालणे हे त्या महिन्यातले मोठे पुण्य मानले जाते.

त्रास व्हायचा तो दुसऱ्याच गोष्टीचा. दुपारी गरम जेवण हवे म्हणून हट्ट धरणारे पाहुणे येत. रोजा असताना मी आमटी चाखत नसे, मीठ केवळ अंदाजाने घालायचे, आणि मग ‘आज मीठ जास्त झाले’ म्हणून ताट परत येई. मी शेवटी मीठ मोजायला एक ठरावीक चमचाच वेगळा ठेवला होता. दुपारी थंड, आधी करून ठेवलेले जेवण चालेल एवढे पाहुण्यांनी आगाऊ कळवले, तरी स्वयंपाकघरातल्या चार माणसांना दुपारी दोन तास पडता येते.

वाटसरू, तुमच्याशीही माझे एका बाबतीत पटत नाही. ‘तो महिना जवळून पाहायचा’ म्हणून शेवटच्या दहा दिवसांत येऊ नका. त्या रात्री नमाजात आणि कुराणपठणात जातात, झोप जवळपास नसतेच, आणि ईदच्या आधी जनावरांचा बाजार भरतो तेव्हा प्रत्येक चालकाला आपल्या गावी पोहोचायचे असते.

वाटसरू_नाशिक

खाडीकाठचा, मनापासून आभार. आमच्या तारखा 24 ते 28 फेब्रुवारी अशा होत्या आणि वाळवंटातल्या रात्री नेमक्या शेवटच्या दहा दिवसांच्या तोंडावर येत होत्या. आता 11 तारखेला निघावे असे घरी मांडतो. दुपारचे जेवण थंड चालेल, सूर्यास्ताची रपेट नको आणि पहाटेची हवी, हे आरक्षण करतानाच लेखी कळवणार आहे. रेवाताई, तुमच्या दिवाळीच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण त्यावरून बेत रद्द करावा असेही मला वाटत नाही.

रेवा

तारीख अलीकडे आणलीत हे चांगले केलेत. मी मात्र माझ्या मतावर ठाम आहे आणि पुन्हा गेले तर नोव्हेंबरातच जाईन. खाडीकाठचा, एकच विचारते, त्या महिन्यात एखाद्या चालकाला ‘आज संध्याकाळी मी घरी जेवतो’ असे म्हणता येत होते का?

खाडीकाठचा

पाहुण्यांची गाडी साडेचारपर्यंत तळावर परत आली, तर येत होते. बिदिया तिथून तासाभराच्या आत आहे. सहा वाजून गेल्यावर परतणाऱ्या गाडीच्या चालकाला ते कधीच जमले नाही.