शेतकरी आणि प्लॉट: फॉरेन की दोन्हीकडून लावावी का?

गंगापूररोडकर:
द्राक्ष निर्यातीचं सॉफ्टवेअर करतोय. प्लॉट टेबलात शेतकऱ्याचा आयडी आहेच. टीममध्ये एकाने शेतकरी टेबलातही 'मुख्य प्लॉट' कॉलम टाकून त्यावर फॉरेन की (कॉलममधली किंमत दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे ही अट) लावली. माझा ठाम विरोध आहे. दिंडोरीचा नवा शेतकरी टाकायला आधी प्लॉट हवा, प्लॉट टाकायला आधी शेतकरी हवा. मग कॉलम नल (रिकामा) ठेवा, शेतकरी इन्सर्ट करा, प्लॉट इन्सर्ट करा, परत येऊन शेतकरी अपडेट करा. डिलीटला हीच कसरत उलटी. त्यापेक्षा प्लॉटमध्येच 'मुख्य' असा हो-नाही फ्लॅग ठेवावा.

निफाडकर:
अजिबात पटलं नाही. एकाच शेतकऱ्याच्या दोन प्लॉटना फ्लॅग लागला तर अडवणार कोण? शेतकरी टेबलात कॉलम एकच, म्हणजे मुख्य प्लॉटही एकच. आणि पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फॉरेन की 'डिफरेबल इनिशियली डिफर्ड' केली की तपासणी थेट कमिटला, म्हणजे बदल पक्के होताना, होते. आयडी आधी सिक्वेन्समधून (पुढचा नंबर देणारा काउंटर) घ्या, दोन्ही रेकॉर्ड एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल होतील, नाहीतर एकही नाही) टाका. नलची गरजच नाही.

गंगापूररोडकर:
अडवायला पार्शल युनिक इंडेक्स (ठरावीक रेकॉर्डपुरती 'दुबार नको' ही अट) आहे की! शेतकरी आयडीवर, फक्त फ्लॅगवाल्या रेकॉर्डपुरता. उलट तुमची की एवढंच बघते की असा प्लॉट आहे. निफाडच्या शेतकऱ्यापुढे पिंपळगावच्या भलत्याच माणसाचा प्लॉट लागला तरी डेटाबेस गप्प. निर्यातीत पेटीचा माग प्लॉटपर्यंत लागावा लागतो, औषधांच्या अंशाची तपासणीही प्लॉटवार होते. तिथे ही चूक परवडणारी नाही.

निफाडकर:
हा मुद्दा बरोबर. पण प्लॉटमध्ये शेतकरी आयडी आणि प्लॉट आयडी या जोडीवर युनिक लावा, आणि शेतकरी टेबलातून त्या जोडीलाच फॉरेन की द्या. दुसऱ्याचा प्लॉट बसणारच नाही. तुमचा इंडेक्स 'एकाहून जास्त नको' म्हणतो, 'एक तरी हवाच' म्हणत नाही. माझा नॉट नल (रिकामा चालणार नाही) म्हणतो.

सातपूरकर:
दोघंही पोस्टग्रेस धरून बोलताय. क्लायंटकडे मायएसक्यूएल निघालं तर? त्याचं इनोडीबी इंजिन फॉरेन की जागच्या जागी तपासतं, कमिटपर्यंत थांबत नाही. मग लोक तपासणीच बंद करून डेटा भरतात, आणि ती परत चालू केली तरी मधल्या काळात भरलेले रेकॉर्ड तपासले जात नाहीत. मला याचीच धास्ती वाटते. पार्शल इंडेक्सही तिथे नाही. मात्र जनरेटेड (दुसऱ्या कॉलमवरून आपोआप भरणारा) कॉलम करा: फ्लॅग असेल तर शेतकरी आयडी, नाहीतर नल. त्यावर युनिक लावलं की भागतं, कारण नल कितीही चालतात.

गंगापूररोडकर:
मुळात 'एक तरी हवाच' हा नियम आमच्याकडे नाही. शेतकरी आधी नोंदतो, प्लॉट पाहणीनंतर येतो.

निफाडकर:
मग त्या टप्प्यापुरता नल मान्य. पण माल उचलताना प्लॉट लागणारच, तेव्हा खरेदीच्या टेबलात प्लॉट आयडी नॉट नल करा. आणि फ्लॅग ठेवलात तर मुख्य प्लॉट बदलताना जुना काढून नवा लावणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावं लागेल, तेही जुना आधी काढूनच. माझ्याकडे तो एका कॉलमचा अपडेट आहे. मी अजूनही कॉलमच्याच बाजूने.