'झुलता पूल' की 'टांगता पूल'? पाटी लिहायचीय

पालशेतकर:
भाची शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी गोल्डन गेटचं मॉडेल करतेय, थर्माकोलचे मनोरे आणि बाबांच्या जाळ्याची नायलॉन दोरी. पाटी मी लिहिली, 'सॅन फ्रान्सिस्कोचा झुलता पूल, १९३७'. बाबांनी वाचलं आणि म्हणाले झुलतो तो पाळणा, पूल झुलायला लागला तर माणसं खाली येतील, 'टांगता' लिही. त्यांचा अख्खा जन्म होडीवर गेला त्यामुळे दोरखंडाच्या बाबतीत घरात त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही, पण मला शाळेपासून झुलताच आठवतंय. सोमवारी पाटी द्यायचीय, बरोबर काय?

स्थापत्यवाला:
झुलताच लिहा, कारण तो खरंच झुलतो. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४२०० फूट, म्हणजे सव्वा किलोमीटरच्या वर, आणि मधोमध रस्ता वाऱ्याने आडवा २७ फुटांपर्यंत सरकला तरी चालेल असंच डिझाईन आहे. डिसेंबर १९५१ मध्ये वादळात इतका हलला की काही तास बंद ठेवावा लागला, मग पुढच्या दोन-तीन वर्षांत रस्त्याच्या खालून स्टीलची कैची मारून तो घट्ट केला.

शुद्धमती:
झुलता काय, टांगता काय, दोन्ही बोलण्यातले शब्द झाले. शास्त्राचं प्रदर्शन आहे तर 'निलंबी सेतू' लिहा. अवलंब, विलंब, आलंबन सगळे त्याच धातूचे. मुलांच्या कानावर एक चांगला शब्द पडू द्या.

दाभोळखाडी:
ताई, निलंबी वाचलं की मुलांना वाटेल कोणाला तरी नोकरीत घरी बसवलंय. आणि सेतू म्हटलं की ती थेट रामायणात जाणार. पूल शब्द फारसीतून आलाय पण आता तो आपलाच आहे ना?

शुद्धमती:
पूल वापरला म्हणून रुळला. निलंबी वापरलाच नाही तर रुळणार कसा? आधी रुळला आणि मग वापरला असं कुठल्याच शब्दाचं होत नाही.

पालशेतकर:
बाबांना २७ फूट सांगितलं तर जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले दोर केवढा जाड. शोधून सांगितलं, एकेक केबल ३ फूट जाड, आत २७,५७२ तारा, एकेक तार पेन्सिलीपेक्षा बारीक. तर लगेच, पीळ कुठल्या बाजूला? आणि पीळच नाहीये! सगळ्या तारा समांतर, चाकावरून या टोकाची त्या टोकाला नेत नेत जागेवरच ओढल्या आणि मग दाबून गोल केल्या. बाबा म्हणाले पीळ नाही तो दोर नाही, ती जुडी. काथ्याची दोन पेडं मांडीवर वळून दाखवली, वळण्याआधी एकेक धागा चिमटीत निसटून येत होता, वळल्यावर मी आणि भाचीने दोन बाजूंनी ओढलं तरी हलेना. सुंभ जळालं तरी पीळ जात नाही म्हणतात ते काय उगीच?

स्थापत्यवाला:
बाबांना माझा नमस्कार सांगा, जुडी हा शब्द एकदम चोख आहे. पिळाच्या दोराला ताण दिला की पीळ आवळत आवळत तो लांबतो, समांतर तारा तेवढ्या लांबत नाहीत, म्हणून मोठ्या केबलला पीळ नको. पण त्या केबलवरून रस्त्यापर्यंत दर ५० फुटांवर जे उभे दोर सोडलेत ते पिळाचेच आहेत. म्हणजे रस्ता टांगलाय दोरांनी, आणि दोर टांगलेत जुडीला. केबलची टोकं ज्या काँक्रीटच्या ठोकळ्यांत रुतवलीत त्यांचं इंग्रजी नावही होडीच्या नांगरावरूनच आहे, हेही त्यांना सांगा.

दाभोळखाडी:
मग अमेरिकेतलाच तो टाकोमाचा पूल? १ जुलै १९४० ला उघडला आणि ७ नोव्हेंबरला पडला, तो झुलूनच ना? बाबा बरोबर बोलले.

स्थापत्यवाला:
तो पिळवटून पडला. रस्ता फार लवचिक होता, कडेच्या तुळया जेमतेम ८ फूट उंचीच्या, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात एक कड वर तर दुसरी खाली जायला लागली. झुलणं वेगळं, पिळवटणं वेगळं, मराठीत दोन्हीला शब्द असताना ते एकात का घालायचे? तसंच आपल्या वांद्रे-वरळी सी लिंकचं, त्याला सर्रास झुलता म्हणतात, पण तिथे केबल मनोऱ्यापासून सरळ तिरप्या रस्त्याला बांधल्यात, डोलकाठीला ताण द्यावा तशा. केबलला झोळ नाही तर पूल झुलता नाही.

व्हाळावरचो:
आमच्याकडे साकव म्हणतत. व्हाळार, म्हणजे ओढ्यावर, पोफळीची दोन खोडां आडवी घातली की झालो साकव. मधोमध गेलं की पायाखाली असा काही लचकतो की शाळेत जाताना आम्ही मुद्दाम नाचायचो. लचकता पूल लिहा, मुलांना लगेच कळेल.

शुद्धमती:
साकव सुंदर शब्द, संस्कृत संक्रम वरून. पण मग सांकव हवा, अनुस्वारासकट.

दाभोळखाडी:
झेडपीच्या कामांच्या बोर्डावर सगळीकडे साकवच असतं. आणि आमची आजी सांगायची तो साखळीवरून आलाय.

शुद्धमती:
साखळी शृंखलेवरून, त्याचा इथे काही संबंध नाही. आजीचा मान राखून सांगते.

पालशेतकर:
उद्या सोमवार आहे हो. झुलता की टांगता?

व्हाळावरचो:
गोव्यात सांकवच म्हणतात, नाकातून, आणि आता आठवलं, माझी आजीपण नाकातूनच म्हणायची, मीच शाळेत गेल्यावर साकव म्हणायला लागलो. साकवाला धरायला एका बाजूने बांबू बांधतात, त्याला तुमच्याकडे वेगळा शब्द आहे का? आजी काहीतरी म्हणायची, दोन दिवस आठवतोय.