कुलूप-किल्लीची गोष्ट पुरे झाली: पब्लिक की, प्रायव्हेट की नीट सांगा

चक्रपाणी
परवा 'सोपंच_आहे' यांनी 'पब्लिक की-प्रायव्हेट की पाच मिनिटांत' असा लेख टाकला. सार असं: पब्लिक की म्हणजे उघडं कुलूप, कुणालाही वाटा. प्रायव्हेट की म्हणजे त्याची किल्ली, ती खिशात ठेवा. डिजिटल सही म्हणजे हेच उलटं. बँकेच्या साइटवर तुमचा सगळा डेटा बँकेच्या पब्लिक कीने बंद होऊन जातो. आणि शेवटी, 'व्हॉट्सॲपनेच किल्ल्या दिल्यात म्हटल्यावर डुप्लिकेट त्यांच्याकडे असणारच, एंड टू एंड हे थोतांड आहे.' खाली 'मस्त समजावलंत सर'चा पाऊस. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

आरएसए ही पब्लिक कीची सगळ्यात प्रसिद्ध पद्धत. तिच्या २०४८ बिटांच्या कीने एका वेळी जेमतेम दोनशे-अडीचशे बाइट बंद करता येतात. बँकेचं स्टेटमेंट त्यात मावणार कुठून? म्हणून मजकूर एईएससारख्या पद्धतीने बंद करतात, जिथे लावायची आणि उघडायची की एकच असते, आणि ती छोटीशी की तेवढी पब्लिक कीने बंद करून पाठवतात. झिमरमनच्या १९९१च्या पीजीपी या ईमेल बंद करायच्या सॉफ्टवेअरपासून हे असंच चालत आलंय. टीएलएस, म्हणजे ब्राउझर आणि साइटमधलं बोलणं बंद ठेवणारी पद्धत, तिचं १.३ आलं २०१८ मध्ये, त्यात तर तेही उरलं नाही. ब्राउझर आणि सर्व्हर त्या जोडणीपुरती प्रत्येकी पब्लिक-प्रायव्हेट कीची एक नवी जोडी तयार करतात, पब्लिक भागांची देवाणघेवाण करतात, आणि डिफी-हेलमनच्या गणिताने दोघांकडे एकच गुपित तयार होतं. ते गुपित तारेवरून गेलेलंच नसतं. बँकेची प्रायव्हेट की तिथे फक्त सही करते, 'समोर मीच आहे' एवढं सिद्ध करायला. उद्या ती की चोरीला गेली तरी आज कुणी साठवून ठेवलेला डेटा तिने उघडत नाही.

व्हॉट्सॲपचं तर सपशेल उलटं सांगितलंय. जोडी तुमच्या फोनमध्ये जन्माला येते, सर्व्हरवर फक्त पब्लिक भाग चढतो. शंका घ्यायची तर ती वेगळ्या जागी घ्या: सर्व्हरने तुमच्या बहिणीची म्हणून दिलेली पब्लिक की खरंच तिची आहे की मध्ये बसलेल्या तिसऱ्याची? तेवढ्यासाठीच तो ६० आकड्यांचा सिक्युरिटी कोड असतो. किती जणांनी तो समोरासमोर ताडून पाहिलाय?

प्रायव्हेट की कुठे जन्मली आणि आज कुणाच्या ताब्यात आहे, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय या विषयात काहीच कळत नाही. कुलपाच्या गोष्टीत नेमके हेच दोन प्रश्न गायब आहेत.

सोपंच_आहे
मी पॉलिटेक्निकला शिकवतो, दहावी मराठी माध्यमातून झालेल्या मुलांना. त्यांना पहिल्याच तासाला डिफी-हेलमन आणि टीएलएस १.३ सांगितलं की अर्धा वर्ग मोबाइल काढतो. कुलूप सांगितलं की निदान दोन किल्ल्या वेगळ्या असतात एवढं तरी डोक्यात बसतं. सगळ्या बारकाव्यांसह लिहायचं तर लेख कुणी वाचणार नाही, जसा तुमचा हा प्रतिसाद कुणी पूर्ण वाचलेला नाही. चुका काढणं सोपं असतं, शिकवून बघा एकदा.

व्हॉट्सॲपचं वाक्य मी काढतो. बाकी लेखातला शब्दही बदलणार नाही.

गणितवेडा
चक्रपाणी, तुम्हीही घाईत आहात. सही म्हणजे उलटं एन्क्रिप्शन, हे आरएसएपुरतं अगदी चूक नाही. रिव्हेस्ट, शमीर, ॲडलमन यांनी १९७७ मध्ये मांडलं ते असंच होतं. छोटे आकडे घ्या. ३ आणि ११ या मूळ संख्या, गुणाकार ३३. पब्लिक घातांक ३, प्रायव्हेट घातांक ७. निरोप ४. ४ चा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. हा झाला बंद निरोप. आता ३१ चा सातवा घात घेऊन ३३ ने भागा, बाकी ४ परत. आधी ७ आणि मग ३ लावला तरी ४ च येतो. क्रम उलटला तर सही झाली. मग सरांचं चुकलं कुठे?

चक्रपाणी
तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. २ वर सही करा: २ चा सातवा घात १२८, बाकी २९. ३ वर सही करा: २१८७, बाकी ९. आता मी तिऱ्हाईत आहे, माझ्याकडे तुमचा ७ नाही. पण या दोन सह्या माझ्या हातात आल्या. २९ गुणिले ९ म्हणजे २६१, ३३ ने भागून बाकी ३०. पडताळा घ्या: ३० चा घन २७,०००, ३३ ने भागा, बाकी ६. म्हणजे ६ वर तुमची सही मी तयार केली, जी तुम्ही कधी केलीच नव्हती!

'उलटं एन्क्रिप्शन' एवढंच शिकलेला पोरगा उद्या नोकरीत हेच कोडमध्ये लिहितो. म्हणून आधी मजकुराचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा ठसा काढतात, त्याला ठरावीक पॅडिंग, म्हणजे भर चढवतात, मग घातांक. आणि ईसीडीएसए, एड२५५१९ या आजच्या सह्यांमध्ये उलटायला मुळात एन्क्रिप्शनच नसतं. तिथे तुमचं कुलूप कुठे लावणार?

गणितवेडा
गुणाकाराचा मुद्दा बरोबर आहे, मान्य. पण 'आरएसएपुरतं' असं मी स्पष्ट लिहिलं होतं, ते तुम्ही सोयीने गाळलंत.

शंकेखोर
एवढा काथ्याकूट कशाला? आयआयटी कानपूरवाल्यांनी २००२ मध्येच मूळ संख्यांचं कोडं सोडवलं, म्हणजे आरएसए तेव्हाच संपलं. आपल्या लोकांचं नाव कुणी घेत नाही हे खरं दुःख.

गणितवेडा
अग्रवाल, कयाल, सक्सेना यांचा शोध थोरच आहे, पण तो 'ही संख्या मूळ आहे का' हे हमखास आणि वाजवी वेळात ठरवण्याचा. मोठ्या संख्येचे अवयव पाडणं हे निराळं काम आहे. आरएसए अवयव पाडण्याच्या अवघडपणावर उभं आहे. आव्हान म्हणून ठेवलेली २५० अंकी संख्या फुटली ती २०२० मध्ये, असंख्य कॉम्प्युटर जुंपून. २०४८ बिट म्हणजे ६१७ अंक. अभिमान बाळगा, पण योग्य गोष्टीचा.

सीए_कोल्हापूर
तुमची गणितं चालू द्या. 'प्रायव्हेट की कुणाच्या ताब्यात' यावर आमच्या धंद्याला टोमणा दिसतोय म्हणून लिहितो. माझ्या ऑफिसात क्लायंटांची डीएससी टोकनं, म्हणजे डिजिटल सहीची की असलेली यूएसबी उपकरणं आहेत, पिनसकट. सगळ्या सीएंकडे असतात. सप्टेंबरात ऑडिट रिपोर्ट, ऑक्टोबरात एमसीएचे, म्हणजे कंपनी खात्याचे फॉर्म, त्या दिवसांत क्लायंट लग्नाला नाहीतर तिरुपतीला. सही त्याने स्वतः करायची म्हटली तर टोकनचा ड्रायव्हर त्याच्या लॅपटॉपवर चालत नाही, पिन दहा वेळा चुकून टोकन लॉक होतं, आणि दंडाची नोटीस आली की शिव्या आम्हाला. पूर्वी सही केलेले कोरे फॉर्म ठेवून जायचे, आता टोकन ठेवून जातात. विश्वासावर चालतो धंदा.

चक्रपाणी
टोमणा मारला नव्हता, पण आता सरळच बोलतो. आयटी कायद्याचं कलम ४२ काढून वाचा. प्रायव्हेट कीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी ज्याची की त्याने घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेली तर सर्टिफाइंग ऑथॉरिटीला, म्हणजे 'ही की अमक्याची' असा दाखला देणाऱ्या संस्थेला, विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी त्याचीच. तुमच्या ऑफिसातल्या पोराने चुकीच्या फॉर्मवर सही उठवली तर अडकतो कोण? क्लायंट!

टोकनच्या चिपमध्ये की आतच तयार होते. हॅश आत जातो, सही बाहेर येते, प्रायव्हेट की कॉपी होत नाही. पूर्वीच्या पीएफएक्स फायली, ज्यांत प्रायव्हेट कीच असायची, पेनड्राइव्हवरून गावभर फिरायच्या, ते बंद करायला ही टोकनं आणली. ती पिनसकट तुमच्या कपाटात जाऊन बसली, म्हणजे चिपची सगळी मेहनत फुकट.

सीए_कोल्हापूर
कायदा मला शिकवू नका, पोट भरतो त्यावर. तुमच्यासारखे कॉम्प्युटरवाले क्लायंटला सोपं सॉफ्टवेअर देत नाहीत आणि मग आम्हाला ज्ञान देतात. आधी ते पोर्टल सुधारा.

मेव्हण्याची_गोष्ट
मला राग येतोय हे वाचून. माझा मेव्हणा एका छोट्या कंपनीत नावापुरता डायरेक्टर होता. त्याचं टोकन कन्सल्टंटकडे. मी स्वतः ते टोकन पाहिलंय: बर्फीच्या रिकाम्या डब्यात रबर लावून ठेवलेली टोकनं, प्रत्येकावर पांढरा स्टिकर, स्टिकरवर बॉलपेनने नाव आणि नावाखाली पिन. बऱ्याच जणांचा पिन एकच, टोकनसोबत आलेला, कुणी बदललेलाच नाही. पार्टनरांचं भांडण झालं आणि वर्षभरानंतर याला कळलं की ज्या मीटिंगला तो हजर नव्हता, त्या मीटिंगच्या ठरावावर त्याची डिजिटल सही आहे. वकील म्हणाला, सही खोटी नाही, पोर्टलवर पडताळणी बरोबर येतेय, आता तू केली नाहीस हे सिद्ध कर. दोन वर्षं झाली, घरात शांतता नाही. आणि इथे 'विश्वासावर चालतो धंदा'!

बे_एरियातला_नागपूरकर
विश्वासाचाच विषय निघालाय तर वरच्या पातळीवर काय होतं तेही बघा. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या डोमेनांसाठी गुगलला न विचारता दिलेली सर्टिफिकेटं, म्हणजे 'ही पब्लिक की अमक्याची' असे दाखले सापडले. ते निघाले होते आपल्या एनआयसीच्या, म्हणजे सरकारी कॉम्प्युटर केंद्राच्या इंटरमीडिएट (साखळीतल्या मधल्या) सर्टिफिकेटांखाली, ज्यांच्या वर भारत सरकारच्या सीसीएचं, म्हणजे सर्टिफाइंग ऑथॉरिटींवर देखरेख करणाऱ्या कार्यालयाचं रूट (साखळीचं मूळ सर्टिफिकेट). विंडोज त्या रूटवर विश्वास ठेवत होतं, म्हणून विंडोजच्या यादीवर चालणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोररसारख्या ब्राउझरने ते मान्य केले असते. क्रोमने नाही, कारण गुगलच्या साइटना कुठल्या की चालतील हे त्यात आधीच पक्कं केलेलं होतं, आणि फायरफॉक्सने नाही, कारण त्याची यादी वेगळी. सीसीएने एनआयसीची ती सर्टिफिकेटं लगेच रद्द केली. २०११ मध्ये हॉलंडच्या डिजिनोटारचं असंच झालं, ती कंपनीच बुडाली.

आरएसए कुणी फोडलं नव्हतं. 'ही पब्लिक की अमक्याची' असं सांगणाऱ्याचा शब्दच फसवा निघाला. सरांच्या लेखात सर्टिफिकेट हा शब्दच नाही, माझा खरा आक्षेप तिथे आहे.

सोपंच_आहे
हे मान्य करावं लागेल. सर्टिफिकेटवर वेगळा भाग लिहिणार होतो, तो याच लेखात हवा होता. पण तुम्ही परदेशात बसून 'आपल्या एनआयसीच्या' म्हणून बोट दाखवता, ते खटकलं.

बे_एरियातला_नागपूरकर
मी कुठे बसलोय याने सर्टिफिकेट खरं होत नाही, सर.

ग्रामीण_आवाज
शहरातल्या डायरेक्टरांचं ठीक आहे. आमच्या गावात सरपंच बाई आहेत. पेमेंट ऑनलाइन झाल्यापासून ग्रामपंचायतीच्या पैशाला सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डीएससी लागतात. एकाने एकट्याने पैसे काढू नयेत म्हणून दोघांच्या. दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या टेबलाच्या खणात, एकाच पाकिटात. बाईंना मी विचारलं, ताई, तुमची सही कुठंय? म्हणाल्या, 'ती पोराकडं असते, मला इंग्रजी येत नाही.' ग्रामसभेत एका गटाराच्या कामाचे पैसे काढल्याचं उघड झालं, गटार जागेवर नाही. आता गाव बाईंना चोर म्हणतंय. त्यांनी कधी माउसला हात लावलेला नाही. तुमचं डिफी-हेलमन आमच्या बाईंना कोण सांगणार, ते बोला.

सीए_कोल्हापूर
हे वाईट आहे. पण ग्रामपंचायतीचा ऑपरेटर आणि पात्र सीए यांना एका मापाने मोजू नका.

मेव्हण्याची_गोष्ट
टोकनला डिग्री कळत नाही साहेब. पिन टाकला की ते सही करतं.

सोपंच_आहे
ग्रामीण_आवाज, बाईंना मराठीत समजावून सांगणारं एक पान मी लिहितो, पोर्टलची चित्रं टाकून. चक्रपाणींनी तपासून द्यावं. यात कुलूप येणारच, आणि ते मी काढणार नाही. बाईंना कुलूप कळतं.

चक्रपाणी
देतो तपासून. कुलूप ठेवा, पण त्याच पानावर किल्ली कुठे जन्मली आणि कुणाकडे आहे हेही लिहा. सहीसाठी मात्र कुलूप वापरू नका, तिथे मी अडून बसणार.

ग्रामीण_आवाज, पानाची वाट बघू नका. बाईंनी आजच सर्टिफाइंग ऑथॉरिटीला लेखी कळवावं की प्रायव्हेट की माझ्या ताब्यात नव्हती, सर्टिफिकेट रद्द करा. अर्जाची पोच घ्यावी, एक प्रत गटविकास अधिकाऱ्याला द्यावी. नवं टोकन घेताना पिन स्वतः टाकावा, बोटाने. आकडे मराठी शाळेतल्यांनाही येतात.

ग्रामीण_आवाज
आणि आधी झालेल्या सह्यांचं काय? गटाराच्या?

चक्रपाणी
त्या रद्द होत नाहीत. सर्टिफिकेट रद्द केल्याने पुढचं थांबतं. मागच्यासाठी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठल्या मशीनवरून, कुणाच्या लॉगिनने पेमेंट गेलं याच्या नोंदी चौकशीत मागवाव्या लागतील. त्या वेळी बाई कुठे होत्या याचे साक्षीदार आत्ताच लिहून ठेवा.

सीए_कोल्हापूर
ती बाईंची केस असेल तर कागद माझ्याकडे पाठवा, फी नको. माझ्या ऑफिसातल्या टोकनांचं म्हणाल तर ऑक्टोबरअखेर फॉर्म संपले की ज्याचं त्याला परत करतो. त्याआधी जमणार नाही, कुणी कितीही कलमं दाखवली तरी.

मेव्हण्याची_गोष्ट
निदान स्टिकरवरचे पिन तरी आज पुसा.